शरणपूरचे आफ्रिकन विद्यार्थी आणि एका झाडावरील लेख

ऐतिहासिक कागद जतन करण्याचें काम बहुधा ज्याला कांहीं मिळालें त्यानें केलेलें असतें. ज्याला इनाम मिळालें त्यानें सनद जपली. ज्यानें कर्ज दिलें त्यानें खत जपलें. ज्यानें लढाई जिंकली त्यानें बखर लिहविली. ज्यानें दिलें, सोसलें किंवा सोडलें, त्याच्या घरीं कागद सांपडण्याचा संभव फार थोडा. म्हणून जो धर्मविचार मिळविण्यापेक्षां सोडण्याला अधिक मोल देतो, त्याची परीक्षा अस्सल साधनांवरून करावयाची म्हटलें, तर संशोधकाची मोठी अडचण होते. ख्रिस्ती धर्मांतील दुर्बलतेचा व आत्मत्यागाचा सिद्धांत हा अशा विचारांपैकीं एक आहे. सुदैवानें त्याची परीक्षा करण्याजोगें एक प्रकरण आपल्या नाशिकांतच घडलें, आणि त्याचे कागदहि उरले आहेत. तें प्रकरण येथें संक्षेपानें मांडावयाचें योजिलें आहे.

प्रथम सिद्धांताचा अर्थ स्पष्ट करणें अवश्य आहे, कारण त्याविषयीं अनुयायी व टीकाकार या दोहोंकडूनहि घोंटाळा झालेला आढळतो. क्रूसावर खिळून मारणें ही शिक्षा रोमी राज्यांत मुख्यतः गुलामांस व बंडखोरांस देत असत. आपल्या प्रभूला हें गुलामाचें मरण आलें, ही गोष्ट आरंभींच्या ख्रिस्ती मंडळीनें लपविली नाहीं. उलट तीच उपदेशाच्या मध्यभागीं ठेविली. पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत ख्रिस्तानें स्वेच्छेनें पत्करलेल्या दास्याचा विचार आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत स्वतः पौलाची एक शारीरिक व्यथा तीनदां प्रार्थना करूनहि दूर न झाल्याचा वृत्तांत आहे, आणि त्या व्यथेंतच ईश्वरी सामर्थ्याला वाव मिळतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. या दोन स्थळांवरून एक भेद निघतो. दुसऱ्यानें लादलेली दुर्बलता हा अन्याय होय. ती दूर करणें हेंच धर्मकृत्य. स्वतःच्या हातीं निवड असतां दुसऱ्यासाठीं पत्करलेली दुर्बलता हा त्याग होय. पहिलीला दुसरीचें नांव देणें म्हणजे जुलमाला पुण्याची झूल घालणें. पुढील प्रकरणांत या दोन्ही दुर्बलता त्याच माणसांच्या आयुष्यांत एकामागून एक दिसतात, आणि म्हणूनच तें उद्बोधक आहे.

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिक येथें आपलें काम इ. स. १८३२ मध्यें सुरू केलें. पुढें १८५० नंतरच्या दशकांत शहराच्या पश्चिमेस रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांच्या देखरेखीखालीं एक लहान ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. तिचेंच नांव शरणपूर. आज शरणपूर रस्ता या नांवानें तें शहराच्या रोजच्या बोलण्यांत राहिलें आहे. परंतु तेथें शरण कोणाला मिळालें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे व इराणी आखाताकडे गुलाम नेणारीं गलबतें इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेलीं मुलें मुंबईस उतरविलीं जात. आई-बाप, भाषा, गांव, सर्व मागें पडलेल्या या मुलांस परत पाठवावें, तर तीं पुन्हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच हातीं पडावयाचीं. यांपैकीं पुष्कळांची सोय १८६० पासून शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमांत झाली. तेथें त्यांस लिहिणें-वाचणें, ख्रिस्ती धर्माचें शिक्षण व सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकवीत.

या मुलांचीं नांवें हेंच पहिलें ऐतिहासिक साधन समजावें. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरर, हीं नांवें पाहावीं. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरर हीं त्याच मिशनच्या युरोपियन पाद्र्यांचीं आडनांवें आहेत. मुलांचीं मूळ नांवें बहुतेक ठिकाणीं नोंदलींच गेलीं नाहींत. गुलामगिरीनें त्यांचें कूळ नाहींसें केलें, आणि दयेनेंहि त्यांस जें नांव दिलें तें दात्याचें होतें. त्या काळीं याचें कोणास वैषम्य वाटलें असेल असें दिसत नाहीं. परंतु लादलेल्या दुर्बलतेची खूण म्हणून इतिहासकारानें ती टिपून ठेवावी.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्यें नाशकास आला, तेव्हां त्याचें स्वतःचें बाह्य यशहि ओसरूं लागलें होतें. धर्मप्रसारक म्हणून त्याच्या हातून बाप्तिस्मा झालेला सुप्रसिद्ध आफ्रिकन एकच, तो बक्वेनांचा राजा सेचेले. झांबेझी नदीवरील त्याची सरकारी मोहीम १८६३ मध्यें परत बोलावण्यांत आली होती. पत्नी मेरी तत्पूर्वींच १८६२ मध्यें त्या नदीकांठीं शुपांगा येथें वारली होती. सहा हजार पौंड खर्चून बांधविलेली आपली ‘लेडी न्यासा’ ही लहान आगबोट त्यानें स्वतः हांकीत १८६४ मध्यें मुंबईस आणिली. ती अवघ्या तेवीसशें पौंडांस विकली गेली, आणि ती रक्कम ज्या पेढींत ठेविली ती पेढीहि बुडाली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या सल्ल्यानें त्यानें शरणपुराहून नऊ तरुण बरोबर घेतले. चूमा हा मुलगा मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविला होता, आणि सूसी हा मुंबईच्या गोदींत काम करीत होता, तेहि निघाले. १८६६ च्या मार्चांत ही मंडळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली.

या नऊ तरुणांविषयीं लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत स्तुति फारशी नाहीं. ते आळशी आहेत, सांगितलेलें ऐकत नाहींत, अशा तक्रारी मात्र आहेत. त्यांतील रिचर्ड पहिल्याच वर्षीं वाटेंत आजारानें वारला. कांहीं पुढें सोडून गेले. मुंबईहून आणलेले शिपाई परत पाठवावे लागले, आणि जोहाना बेटाचे हमाल पळून जाऊन धनी मेला असें खोटेंच सांगते झाले. हीं सर्व माणसें प्रथमपासून साधु होतीं असें मानणें म्हणजे साधनांशीं बेइमानी होय. दमलेलीं, भ्यालेलीं, पगारासाठीं आलेलीं तीं माणसें होतीं. स्टॅन्लेची व लिव्हिंग्स्टनची १८७१ मधील भेट प्रसिद्धच आहे. त्यानंतर १८७२ च्या आगस्टांत जी नवी टोळी लिव्हिंग्स्टनच्या मदतीस पोंचली, तींत नाशिकचे आणखी सहा जण होते : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन, आणि बेंजामिन व रिचर्ड रटन.

लिव्हिंग्स्टनचा शेवटचा प्रवास भौगोलिक दृष्ट्या चुकीच्या समजुतीवर चालला होता. जिला तो नाइल समजत होता ती लुआलाबा नदी वस्तुतः कांगोची निघाली. रक्तस्रावानें क्षीण होऊन, माणसांच्या खांद्यांवरून वाहिला जात, तो बांग्वेउलु सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नांवाच्या नायकाच्या गांवीं आला, आणि तेथें १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं वारला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो जन्मभर बोलत आला होता. झांजीबारच्या सुलतानाकडून तेथील गुलामांचा बाजार बंद करविणारा तह त्याच्या मरणानंतर सुमारें एका महिन्यानें, म्हणजे ता. ५ जून १८७३ रोजीं झाला. ती वार्ता त्याला कळली नाहीं.

आतां खरा प्रसंग आला. धनी मेला, पगार देणारा कोणी उरला नाहीं, समुद्रकिनारा हजार मैलांहून अधिक दूर. प्रेत बरोबर असणें म्हणजे वाटेंतील प्रत्येक गांवीं जादूटोण्याचा संशय, दंड आणि प्रसंगीं मारामारी. स्वतः चितांबोनें, येथेंच पुरा, असा सल्ला दिला. आज्ञा करणारा गोरा मनुष्य शेंकडों मैलांत नव्हता. ज्या मुलांस एके काळीं गलबतांतून माल म्हणून नेलें होतें, त्यांच्या हातीं येथें संपूर्ण निवड होती. जागच्या जागीं पांगून जावें, जवळचें सामान वांटून घ्यावें, कोणी जाब विचारला नसता. त्यांनीं सर्वांनीं बसून विचार केला, सूसी व चूमा यांस पुढारी नेमिलें, आणि प्रेत, कागद व हत्यारें किनाऱ्यापर्यंत पोंचवावयाचीं असें ठरविलें.

काळीज व आंतडीं काढण्याचें काम झांजीबारच्या एका डॉक्टराकडे पूर्वीं नोकरींत असलेला फरिजाला व नाशिकचा कॅरस फॅरर यांनीं केलें. तीं पत्र्याच्या पेटींत घालून एका मोठ्या झाडाखालीं पुरलीं, आणि जेकब वेनराइटनें प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली. देह मीठ लावून चौदा दिवस उन्हांत वाळविला, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळिला, वरून शिडाचें कापड शिवून दांड्याला बांधिला. वाटेंत आजार आला. कित्येक दिवस मुक्काम पडला. आक्टोबरांत उन्यान्येंबे येथें इंग्रज अधिकारी लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. त्यानेंहि, येथेंच पुरावें, असें सुचविलें. त्यांनीं मानलें नाहीं. पुढें गांवकरी प्रेताला वाट देईनात, तेव्हां खोटें गांठोडें बांधून तें परत नेल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढें नेला. १८७४ च्या फेब्रुवारींत ही मंडळी बागामोयो बंदरास पोंचली.

लंडनला देह पोंचल्यावर हा खरोखर त्याचाच कशावरून, असा प्रश्न आला. सर विल्यम फर्ग्युसन या शस्त्रवैद्यानें डाव्या दंडाचें हाड पाहिलें. १८४४ मध्यें माबोत्सा येथें सिंहानें चावून मोडलेलें तें हाड नीट न जुळतां सांधलें गेलें होतें. त्या वैगुण्यावरून ओळख पटली. योहानाच्या शुभवर्तमानांत थोमा या शिष्याला पुनरुत्थित प्रभूची ओळख जखमांच्या खुणांवरून पटल्याची कथा आहे. व्यंगावरून ओळख, हा ख्रिस्ती विचार येथें एका वैद्यकीय तपासणींत अनपेक्षितपणें समोर येतो. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत दफन झालें, आणि शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

आतां या प्रकरणाचे कागद पाहूं. पहिला कागद म्हणजे जेकबनें मृत्युस्थळींच केलेली सामानाची याद. आपल्याकडे दप्तरांत एखाद्या मयत सरदाराच्या जिनगीची मोजदाद जशी आढळते, तशीच ही. पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या, आणि काय काय निघालें तें जेकबनें लिहून घेतलें. पुढें कोणी चोरीचा आळ घेऊं नये, ही सावधगिरी तींत उघड आहे. आपल्या शब्दावर जग सहजासहजीं विश्वास ठेवणार नाहीं, हें ओळखलेल्या दुर्बळ माणसाचें तें शहाणपण होय.

दुसरें साधन झाडावरील लेख. झाड जीर्ण झाल्यामुळें १८९९ मध्यें तोडण्यांत आलें, व लेखाचा भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. त्यांत लिव्हिंग्स्टनचें नांव, ४ मे १८७३ ही मिती, आणि ‘याझुझा’, ‘म्निआसेरे’, ‘व्चोपेरे’ अशीं सहकाऱ्यांचीं तीन नांवें वाचण्यांत आलीं. कोरणारा जेकब, परंतु त्याचें नांव तेथें नाहीं. ज्याला अक्षर येतें तो आपलें नांव प्रथम कोरतो, हा सर्व देशांतील अनुभव आहे. येथें साक्षर मनुष्यानें निरक्षर पुढाऱ्यांचीं नांवें कोरलीं. मितीचाहि एक वाद आहे. अ‍ॅबींतील शिळेवर १ मे अशी मिती आहे. ती होरेस वॉलर यानें सूसी व चूमा यांच्या तोंडी साक्षीवरून ठरविलेल्या कालक्रमाशीं जुळते. उलट झाडावरचा लेख त्याच जागीं, त्याच दिवसांत कोरलेला. दोहोंपैकीं कोणती मिती खरी याचा निर्णय प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा असला, तरी समकालीन लेखी साधनाला गौण मानूं नये, हा आपल्या शास्त्राचा नियम येथेंहि लागू आहे.

तिसरें साधन जेकबची रोजनिशी. ती त्यानें शाळेंत शिकलेल्या इंग्रजींत लिहिली आहे. तिचें जर्मन भाषांतर पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकांत १८७४ मध्येंच आलें. मूळ इंग्रजी हस्तलिखित मात्र कित्येक दशकें अप्रकाशित राहिलें. तें स्कॉटलंडांत ब्लॅंटायर येथील लिव्हिंग्स्टन जन्मस्थान संग्रहालयांत असून, २०१९ मध्यें त्याचीं छायाचित्रें व पाठ संगणकीय आवृत्तींत सर्वांस खुलीं झालीं. त्याच वर्षीं पेटिना गप्पा या लेखिकेची याच प्रवासावरील इंग्रजी कादंबरीहि निघाली. तींतील जेकबची रोजनिशी कल्पित आहे; संग्राहकांनीं दोहोंची गल्लत करूं नये. चौथें साधन कॅरस फॅररची हकीकत. ती ‘युगांडा जर्नल’ या नियतकालिकांत १९५० मध्यें छापली गेली. म्हणजे मूळ घटनेनंतर पाऊणशें वर्षांनीं नाशिकच्या या दुसऱ्या विद्यार्थ्याचें म्हणणें अभ्यासकांपुढें आलें. तत्पूर्वीं जगानें जें वाचलें तें वॉलरनें १८७४ अखेर दोन खंडांत प्रसिद्ध केलेलें पुस्तक. त्यांत गुडघे टेकून मेलेल्या साधूचें चित्र मोठें आहे, आणि त्याला वाहून नेणारे ‘विश्वासू सेवक’ म्हणून कडेला उभे आहेत.

येथें आरंभीं सांगितलेल्या भेदाचें महत्त्व कळतें. वाहणाऱ्यांच्या वांट्यास काय आलें ? झांजीबार येथें पगार देऊन बहुतेकांस निरोप देण्यांत आला. जेकबला इंग्लंडांत नेण्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीनें सोसला. सूसी व चूमा दफनविधि आटोपल्यावर, जेम्स यंग या लिव्हिंग्स्टनच्या मित्राच्या खर्चानें तेथें पोंचले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें सोबत्यांसाठीं पदकें पाडविलीं, परंतु तीं आफ्रिकेंत पोंचलीं तोंवर बरेच जण पांगले होते. जेकब पुढें पूर्व आफ्रिकेंत व युगांडांत राहिला आणि १८९२ मध्यें उरांबो येथें वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथें १९३५ पर्यंत जगला. त्यागाची थोरवी गाणाऱ्या समाजानें त्यागी माणसांचा हिशेब मात्र लवकर मिटविला. दुर्बलता श्रेष्ठ आहे असें जो दुसऱ्याच्या दुर्बलतेविषयीं म्हणतो, तो बहुधा आपली सोय पाहतो. सिद्धांत खरा ठरतो तो स्वतःच्या खांद्यावर ओझें घेणाऱ्याच्या तोंडीं.

मिशनच्या हिशेबांतहि शरणपूरचा आफ्रिकन आश्रम यशस्वी ठरला असें म्हणतां येत नाहीं. नाशिकच्या क्षेत्रस्थ समाजावर त्याचा परिणाम अल्प झाला, आणि १८७४-७५ मध्यें प्राइस यांनीं मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वसाहत स्थापिल्यावर येथील आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. परंतु तत्पूर्वींच, १८६४ मध्यें, विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे येथील दोघे आफ्रिकन ख्रिस्ती राबाई येथें गेले होते. जोन्स याच्या देखरेखीखालीं राबाईच्या वस्तींत पळून आलेल्या गुलामांस आसरा मिळाला. मालकांचा रोष वाढला, युरोपियन पाद्र्यांसहि तें अडचणीचें वाटूं लागलें. अखेर १८८८-८९ मध्यें ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीनें मालकांस मोबदला देऊन अशा चौदाशेंहून अधिक माणसांस मुक्त केलें. ज्याला स्वतःला आसरा मिळाला होता त्यानें तो दुसऱ्यास दिला, आणि त्यासाठीं वरिष्ठांची गैरमर्जी पत्करली. शरणपूर हें नांव नाशकांत रस्त्यापुरतें उरलें. त्याचा अर्थ राबाई येथें कांहीं काळ चालू राहिला.

एवढ्या विवेचनावरून संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या, शाळांचीं हजेरीपुस्तकें, धंदेशाळेचे हिशेब, थडग्यांवरील लेख, हे कागद दिसण्यांत क्षुल्लक. त्यांस ना मोर्तब ना सोनेरी वेलबुट्टी. परंतु जेथें एखाद्या मुलापुढें ‘आफ्रिकन’ एवढाच शेरा असेल, किंवा पाद्र्याच्या आडनांवाखालीं मूळ नांव पुसट अक्षरांत राहिलें असेल, ती ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, शुद्धलेखन सुधारूं नये, आणि वहीचें ठिकाण, पान व मिती लिहून ठेवावी. जेकब वेनराइटनें झाडावर तीन सहकाऱ्यांचीं नांवें कोरलीं म्हणून तीं आज वाचतां येतात. त्याच्याबरोबर शरणपूरच्या बाकांवर बसलेल्या इतर मुलांचीं नांवें अशाच एखाद्या वहींतून मिळावयाचीं आहेत.